नवारीचं नेट

एप्रिल २०१९ मधल्या एका शनिवारी दुपारी मी वही उघडून बसले आणि फोन लावायला सुरुवात केली. वहीत अडतीस नावं होती. आदल्या जूनमध्ये आमच्या क्लबच्या ज्युनिअर टेनिस वर्गाला एवढी मुलं आली होती. आता कोर्टवर रोज दिसत होती तेरा. उरलेली पंचवीस कुठे गेली हे क्लबमध्ये कुणी विचारलंच नव्हतं. परीक्षा, शिकवण्या, मोबाइल, हल्लीच्या मुलांना चिकाटीच नाही, अशी कारणं आम्ही मोठ्यांनी चहा पिता पिता ठरवून टाकली होती. वर्ग मी सुरू केला होता, तेव्हा विचारायचं कामही माझंच.

पहिल्याच फोनवर एक आई म्हणाली, "मॅडम, तुमचं शिकवणं वाईट न्हाई हो. पण पोरगी घरी आली की म्हणती, आज पण मी लाइनीतच उभी हुते." दुसऱ्या घरी आजोबांनी फोन उचलला. नातवाचं मनगट दुखत होतं. रॅकेट त्याच्या काकांची, पूर्ण सत्तावीस इंची. तिसऱ्याचं म्हणणं, बॉल डोक्यावरून जातो. चौथा, "नुसता बॉल गोळा करतोय तिथं." शिकवणीची वेळ आड येते असं सांगणारी घरं निघाली चार. बाकीच्यांनी सांगितलं ते सगळं आमच्या कोर्टवरचं होतं.

मी सांगलीत एका कॉलेजात गणित शिकवते. विद्यार्थिदशेत शिवाजी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळले, त्यानंतर याच क्लबात संध्याकाळची डबल्स. तीन कोर्ट, तिन्ही लाल मातीची. कोच कोल्हापूरकडचा तरुण मुलगा, हात चांगला, मुलांवर जीव. आणि आमचे मार्कर, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात. बारा वर्षांचे असताना बॉल उचलायला आले, आता साठीला टेकलेत. कोर्टवर पाणी मारणं, रोलर फिरवणं, फक्कीच्या रेषा ओढणं, जोडीदार कमी पडला की रॅकेट घेऊन उभं राहणं, सगळं त्यांच्याकडे. समितीने मुलांसाठी तीन नंबरचं कोर्ट दिलं होतं, पावणेपाच ते सहा. सहाला सभासद येतात.

फोन झाले त्या सोमवारी मी कोर्टच्या कडेला कागद-पेन घेऊन बसले. काही वेगळं केलं नाही, एका मुलीवर नजर ठेवली आणि मोजलं. बारा मुलं एका रांगेत, कोच पलीकडून बास्केटमधले बॉल टाकतोय, प्रत्येकाने दोन मारायचे आणि रांगेच्या शेवटी जायचं. बास्केट संपलं की सगळ्यांनी बॉल गोळा करायचे. तासाभरात तिच्या वाट्याला चोपन्न बॉल आले. त्यातले एकोणीस नेटपलीकडे पडले. परत आलेला बॉल तिने एकदाही मारला नाही, कारण परत करणारं पलीकडे कुणी नव्हतंच. म्हणजे ती टेनिस खेळलीच नव्हती. महिनाभर हे करणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीने शाळेतून दमून पुन्हा इथे का यावं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

लहान मुलांसाठीच्या लाल, नारिंगी, हिरव्या बॉलबद्दल मी वाचलेलं होतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ मध्ये ही मोहीम सुरू केली. लाल बॉल नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ, नारिंगी ५०, हिरवा २५. बॉलप्रमाणे कोर्टही वाढत जातं. २०१२ पासून तर दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा बॉल चालतच नाही, तसा नियमच झाला. मोठ्या शहरांतल्या अकादम्यांमध्ये हे केव्हाच आलेलं होतं. आमच्याकडे ते "लहान मुलांचे लाड" या सदरात पडून होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तसंच होतं. आम्ही शिकलो तेव्हा कुठे होते लाल बॉल? पण आमच्याबरोबर शिकायला आलेल्यांपैकी किती जण पुढे खेळत राहिले, हे मी त्या सोमवारपर्यंत मोजलं नव्हतं.

मापं काढायला बसले तेव्हा एक गोष्ट दिसली आणि मला गणिताच्या माणसाला होतो तसा आनंद झाला. लाल बॉलच्या कोर्टची लांबी साधारण अकरा मीटर लागते. टेनिस कोर्टची रुंदी, डबल्सच्या बाहेरच्या एका रेषेपासून दुसरीपर्यंत, १०.९७ मीटर. म्हणजे कोर्ट आडवं वापरायचं! नेटपासून बेसलाइनपर्यंत, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपर्यंत, पावणेबारा मीटरच्या वर जागा, त्यात पावणेसहा मीटर रुंदीची दोन छोटी कोर्ट. नेटच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. एका कोर्टवर चार सामने एकाच वेळी. प्रश्न उरला मधल्या नेटचा. छोटी नेटं विकत मिळतात, पण ती महाग. मामा म्हणाले, "ताई, नवार आणा." खाटेची नवार. मोठ्या नेटच्या मध्यापासून बेसलाइनमागे रोवलेल्या लोखंडी खांबापर्यंत त्यांनी ती ऐंशी सेंटिमीटरवर ताणून बांधली, आणि मुलांना ती नीट दिसावी म्हणून फाटक्या नेटचे तुकडे दाभणाने तिला टाचले. दोन्ही बाजूंना मिळून खर्च साडेतीनशे रुपये. लाल बॉल मात्र सांगलीत मिळेनात, ते पुण्याहून मागवले, चार डझन.

पहिल्या दिवशी मुलांना फार काही सांगितलं नाही. समोरासमोर उभं केलं, खालून बॉल टाकून सुरुवात करायची, किती वेळा परत येतो ते दोघांनी मिळून मोठ्याने मोजायचं. अर्ध्या तासात कोर्टवर असा गलका झाला की शेजारच्या कोर्टवरचे लोक थांबून बघायला लागले. "सात! आठ! नऊ!" मुलं जास्त असली तर एका बाजूला दोघं, एकाने मारायचं आणि बाजूला सरायचं. जी मुलगी तासाला चोपन्न बॉल मारत होती तिचे मी पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजले. दीडशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.

पालक मात्र नाराज झाले. "खरं टेनिस कधी सुरू करणार?" हा प्रश्न रोज यायचा, आणि तो चुकीचा नव्हता. पैसे भरून मूल पाठवायचं आणि त्याने नवारीवरून फुगलेला लाल बॉल टोलवायचा, हे त्यांना पटेना. एका रविवारी मी सगळ्यांना क्लबच्या ओट्यावर बोलावलं. भिंतीवर खडूने तीन खुणा केल्या. एक २५४ सेंटिमीटरवर. त्या उंचीवरून सोडलेला पिवळा बॉल टणक जमिनीवरून १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. दुसरी खूण १३५ वर. तिसरी, लाल बॉल जिथवर येतो तिथे, नव्वद ते एकशेपाचच्या मध्ये. मग आठ वर्षांच्या एका मुलाला भिंतीला पाठ लावून उभं केलं. उंची १२४. पिवळ्या बॉलची खूण त्याच्या डोक्याच्या वर होती. त्याची आई जवळ गेली, खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणून हा मूठ अशी उलटी धरतोय होय." अगदी तेच. डोक्यावरचा बॉल खाली दाबायला मूल ग्रिप वाकडी करतं, ती सवय पुढे पाच वर्षं सुटत नाही आणि मग मनगट दुखतं. त्या दिवसानंतर सगळे पालक राजी झाले असं नाही. दोन घरांनी मुलं काढली. पण भिंतीवरची खूण आम्ही पुसली नाही. तिथे मुलं अजूनही आपली उंची लावून बघतात.

रॅकेटचा प्रश्न तसा सोपा होता, फक्त कुणीतरी तो सोडवायला हवा होता. एकवीस, तेवीस, पंचवीस, सव्वीस इंच, वयाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे रॅकेट वाढते. मूल दीड-दोन वर्षांत एक माप ओलांडतं. दर वेळी नवी घेणं सगळ्यांना परवडत नाही. मी सभासदांच्या घरोघर जाऊन माळ्यावर पडलेल्या लहान रॅकेट गोळा केल्या. बावीस मिळाल्या. काहींचं गटिंग, म्हणजे तारांची जाळी, तुटलेलं, ते करून घेतलं. एक कपाट, एक वही. लागेल ती न्यायची, लहान झाली की आणून द्यायची.

समितीत आमचे एक ज्येष्ठ सभासद पहिल्यापासून या सगळ्याच्या विरोधात होते, अजूनही आहेत. त्यांचं पत्र दर वार्षिक सभेत वाचलं जातं. त्यांचं म्हणणं असं, की मातीचं कोर्ट सभासदांच्या वर्गणीवर टिकतं, मुलं ते उकरतात, आणि सहाला आम्ही येतो तेव्हा बॉल वेडावाकडा उसळतो. यातलं शेवटचं मी स्वतः खेळताना अनुभवलं होतं. छोट्या कोर्टवर सोळा मुलं सतत पाय घासत असतात, मातीचा वरचा थर खरंच उकरला जातो. म्हणून ठरवलं की खेळ साडेपाचला थांबवायचा आणि उरलेला अर्धा तास कोर्टचा. मुलांनीच ब्रश ओढायचा, कडेपासून आत, गोल गोल. रेषांवरची माती झाडायची. मग मामांच्या हाताखाली पाणी. हातात पाइप मिळण्यासाठी भांडणं व्हायला लागली तेव्हा पाळ्या लावल्या. कोर्ट किती पाणी पितं, कुठे खळगा आहे, हे आज दहा वर्षांच्या मुलांना मोठ्या सभासदांपेक्षा जास्त कळतं. हा अर्धा तास मला खेळाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जूनपर्यंत मुलं पुन्हा तीसच्या वर गेली होती. आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा आली.

२०१९ चा पूर सांगलीकराला सांगावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि इथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमच्या क्लबचं नेट पूर्ण पाण्याखाली होतं, खांबांची टोकंसुद्धा दिसत नव्हती. काही मुलांची घरं पाण्यात होती, एक कुटुंब होडीतून बाहेर पडलं. त्या दिवसांत टेनिसचा विचार कुणाच्या मनात नव्हता आणि नसायलाच हवा होता. पाणी उतरल्यावर तिन्ही कोर्टवर घोटाभर गाळ होता, काळा, कुबट वासाचा. लाल बॉलचं खोकं तळमजल्यावर होतं, ते गेलं. रॅकेटचं कपाटही. मामा गाळात उभे राहून म्हणाले, "माती सगळी काढाय लागंल. वरनं लाल टाकून न्हाई भागायचं." त्यांचंच खरं होतं. गाळ राहिला की वरचा थर धरत नाही. कोर्ट पुन्हा उभं राहायला फेब्रुवारी उजाडला.

पण मुलांचा वर्ग सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाला, कारण त्याला कोर्ट लागतच नव्हतं. अकरा मीटर लांब आणि साडेपाच मीटर रुंद सपाट जागा पुरे होती. गावाच्या उंच भागातल्या एका शाळेने आपलं फरशीचं अंगण दिलं. दोन खांब, एक नवी नवार, पुण्याहून पुन्हा चार डझन बॉल. अंगणात खडूने रेषा. आणि तिथे जे झालं ते आम्ही ठरवून कधीच घडवू शकलो नसतो. त्या शाळेतल्या मुली शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला लावून बघत उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी कोचने एकीच्या हातात रॅकेट दिली. महिन्याभरात सतरा मुली येत होत्या. त्यांच्यापैकी एकीच्याही घरातल्या कुणी आमच्या क्लबच्या फाटकातून आत पाऊल टाकलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत कोर्ट तयार झालं तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता तिकडे या. सतरापैकी सहा आल्या. मी पुन्हा विचारत बसले. अंतर हे एक कारण, पण खरी कारणं मुलींनी मला एकटीला गाठून सांगितली. क्लबच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. स्कर्ट घालावा लागेल अशी त्यांची समजूत होती. आणि कोर्टच्या कट्ट्यावर बसणारे पुरुष बघत असतात. मी इतकी वर्षं त्या क्लबात खेळते आहे आणि कडी नसल्याचं मलाही कधी समितीपुढे न्यावंसं वाटलं नाही, मी घरून तयार होऊन यायची. आठ दिवसांत कडी लागली, आरसा लागला, बादली आली. ट्रॅक पँट, सलवार, जे सोयीचं ते घाला, बूट तेवढे सपाट तळव्याचे, असं फलकावर लिहिलं. कट्टा पावणेपाच ते सहा रिकामा ठेवायचा, हा ठराव समितीत थोड्या वादानंतर मंजूर झाला. मार्चमध्ये अकरा मुली झाल्या, आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. पुढचं दीड वर्ष सगळ्यांचंच तसं गेलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं, पण तेव्हा सामान आम्ही आधीच वरच्या मजल्यावर नेलं होतं.

ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग अखंड चालू आहे.

स्पर्धांबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण मुलं गळण्याची दुसरी मोठी जागा तिथे आहे. मूल जरा बरं खेळायला लागलं की घरचे त्याला पुण्याला घेऊन जातात. इथून सव्वादोनशे किलोमीटर. पहाटे निघायचं किंवा आदल्या रात्री लॉजवर राहायचं. बत्तीस खेळाडूंचा ड्रॉ असेल तर पहिल्या फेरीतच सोळा मुलं घरी जातात, हे सरळ गणित आहे. आमचं मूल बहुधा त्या सोळांत असतं. चाळीस मिनिटांत सामना संपतो, परतीच्या गाडीत कुणी बोलत नाही. असं तीनदा झालं की चौथ्यांदा मूलच नको म्हणतं. स्पर्धा वाईट नाहीत, त्यांना मोठा ड्रॉ दोन दिवसांत संपवायचा असतो. पण नवशिक्या मुलाला हवे असतात भरपूर सामने आणि जवळपासच्या ताकदीचे भिडू. म्हणून जवळच्या दोन गावांतल्या क्लबांशी बोलून महिन्यातून एका रविवारी लीग सुरू केली. चार-चारचे गट, प्रत्येकाला तीन सामने नक्की. हरलेल्यालाही दुसरा सामना असतोच. दहा वर्षांखालच्यांसाठी सात गुणांचा टायब्रेक, मोठ्यांसाठी चार गेमचा छोटा सेट. स्पर्धेला पाठवायचं ते या लीगमध्ये वर्षभर खेळल्यावर.

लीगमध्ये पंच नसतात. आपल्या बाजूचा बॉल आत की बाहेर ते आपणच सांगायचं, आणि शंका असेल तर गुण समोरच्याचा. बॉल आत असेल का असा अंदाज करायचा नाही, बाहेर पडलेला स्वच्छ दिसला तरच आऊट म्हणायचं. हे आम्ही फोरहँडच्या आधी शिकवतो. एकदा आमचा अकरा वर्षांचा मुलगा निर्णायक सामना खेळत होता. बॉल रेषेजवळ पडला आणि त्याने काही म्हणायच्या आत जाळीपलीकडून त्याचे वडील ओरडले, "आऊट!" मुलाने वडिलांकडे पाहिलं आणि बोट वर केलं. समोरच्या मुलीने खूण दाखवायला सांगितली. मातीच्या कोर्टवर हे बरं असतं, बॉल आपली खूण सोडून जातो. तो खुणेपाशी गेला. बराच वेळ खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "इन आहे." गुण गेला, सामनाही गेला.

त्यानंतर तीन दिवस तो आला नाही. मी घरी गेले. वडील म्हणाले, "मॅडम, मी त्याला मदतच करत होतो ना." मी त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा त्या खुणेपाशी किती वेळ उभा होता ते मी पाहिलं, आणि त्याला तिथे उभं राहावं लागलं ते तुमच्यामुळे. मी इतकं कठोर कुणा पालकाशी आधी बोलले नव्हते. त्यांची बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "तो उद्या येईल." तो आला. वडील आता गाडीतच बसून राहतात. पालकांच्या खुर्च्या आम्ही एक नंबरच्या कोर्टपलीकडे, गुलमोहराखाली नेल्या, जिथून खेळ दिसतो पण रेषा दिसत नाहीत.

३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा मिश्र दुहेरीची अंतिम लढत खेळत होते तेव्हा क्लबच्या टीव्हीसमोर मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. पहिला सेट २-६ गेला. दुसरा ६-३ आला, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. श्रीरामपुरात जन्मलेल्या मुलीच्या गळ्यात सुवर्णपदक. आमच्यातली एक म्हणाली, "पहिला सेट हरल्यावर ती काय बोलली असेल त्यांच्याशी?" त्यावर अर्धा तास चर्चा चालली. मी मध्ये पडले नाही.

फोन मी दर एप्रिलला करते. या वर्षी वहीत सत्तेचाळीस नावं होती, कोर्टवर पस्तीस. बारा घरं. सहावीनंतर शाळेची वेळ बदलली, असं पाच घरांनी सांगितलं. त्यांच्यासाठी सकाळची वेळ मागणारा अर्ज समितीपुढे आहे. दोन कुटुंबं पुण्याला गेली. एकीला कबड्डी जास्त आवडली, त्याचा मला आनंद आहे. शेवटच्या घरी नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःच फोन उचलला.

"का रे येत नाहीस?"

"मॅडम, रॅकेट बारकी झाली."

"मग सांगायचं नाही का?"

"परत आणून दिली ना मी. मामांच्या टेबलावर ठेवली."

आणून द्यायची एवढंच त्याला ठाऊक होतं. दुसरी मागायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि वहीतही तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी मामांना फोन केला. त्यांनी कपाटातून पंचवीस इंची काढली, तारा बोटांनी चाचपून पाहिल्या आणि मुठीवर नवी ग्रिप गुंडाळून ठेवली. सोमवारी पावणेपाचला तो फाटकात उभा होता.